प्रकल्प नोंदी : ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ किती खपेल?

८ नोव्हेंबर २०२५, बेळगाव

सांख्यिकीच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी आमच्या तिघांच्या गटाचा विषय आज नक्की झाला. दीर्घकाळ चालत आलेल्या व्हिडिओ गेम मालिकेतील नव्या भागाच्या विक्रीचा अंदाज बांधायचा, तो कागदावर लिहून मार्गदर्शक मॅडमच्या स्वाधीन करायचा आणि कंपनीचे प्रत्यक्ष आकडे आल्यावर ताडून पाहायचा, असे कामाचे स्वरूप आहे. अहवाल इंग्रजीत द्यावा लागणार असला तरी आमची चर्चा मराठीतच होते, म्हणून ही नोंदवही मराठीत ठेवत आहोत.

चिकोडीच्या सहकाऱ्याचा आग्रह ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या सहाव्या भागासाठी होता. परवाच त्याचे प्रकाशन १९ नोव्हेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलल्याची घोषणा झाली. तेव्हा आमच्या प्रकल्पाच्या मुदतीत अंदाज पडताळून पाहता येणार नाही, हे एक कारण झाले. याहून मोठे कारण असे की, त्या मालिकेचा पाचवा भाग २०१३ मध्ये आला आणि कन्सोलच्या (गेम खेळायच्या यंत्रांच्या) तीन पिढ्यांवर विकला जात २० कोटी प्रतींच्या पुढे गेला. मधल्या काळात नवा मुख्य भागच नसल्यामुळे एका भागावरून पुढच्या भागाकडे जाण्याची वाट दाखवणारे आकडे तिथे फारच थोडे आहेत.

त्यामुळे आम्ही ‘मारिओ कार्ट’ निवडले. गाड्यांच्या शर्यतीची ही मालिका १९९२ पासून सुरू आहे, तिचे मुख्य भाग केवळ निन्टेंडो या जपानी कंपनीच्याच कन्सोलवर येतात आणि कन्सोल व गेम या दोन्हींची विक्री हीच कंपनी दर तिमाहीला जाहीर करते. नवा भाग ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ या कन्सोलबरोबर आला. कंपनीचे आर्थिक वर्ष आपल्याकडच्यासारखेच एप्रिल ते मार्च असल्यामुळे अंदाजाची तारीख ३१ मार्च २०२६ ठेवली आहे.

१२ नोव्हेंबर २०२५

विक्री कशाला म्हणायचे हे आधी ठरवा, मग आकड्यांना हात लावा, असे मॅडमनी बजावले होते. आज खडेबाजारात कन्सोल आणि मोबाइल विकणाऱ्या एका दुकानात जाऊन मालकांना विचारले, ‘‘काका, कंपनी जो विक्रीचा आकडा सांगते, तो गिऱ्हाइकाने नेलेल्या मालाचा की दुकानात आलेल्या मालाचा?’’ त्यांनी हातातले काम न थांबवता उत्तर दिले, ‘‘आम्ही माल उचलला की कंपनीच्या लेखी तो विकलाच की. माझ्या कपाटात दिवाळीपासून पडून आहे, ते कंपनीला कशाला कळतंय?’’

निन्टेंडोच्या तिमाही आकड्यांचेही मूलतः तसेच आहे. पेटीतून विकल्या जाणाऱ्या प्रतींच्या बाबतीत हा वितरकांनी आणि दुकानांनी उचललेला माल असतो. डाउनलोड केलेल्या प्रती त्यात मिळवलेल्या असतात, आणि कन्सोलच्या खोक्यातच घालून दिलेल्या प्रतीसुद्धा गेमच्या विक्रीत धरल्या जातात. या तिसऱ्या गोष्टीकडे आम्हाला पुढे पुन्हा यावे लागणार आहे, कारण ‘वर्ल्ड’च्या बाबतीत सगळी मेख तिथेच आहे. आम्ही जो अंदाज बांधणार तो याच व्याख्येने, म्हणजे कंपनी जो आकडा छापेल त्याचाच; किती लोकांनी गेम खेळला याचा नव्हे. मोबाइलवर फुकट उतरवून घेता येणारा ‘मारिओ कार्ट टूर’ आणि नाणी टाकून खेळायचे आर्केडमधील भाग आम्ही वगळले आहेत.

१६ नोव्हेंबर २०२५

आज सर्व आकडे एका तक्त्यात आले. निन्टेंडो दशलक्षात लिहिते. आम्ही लाख-कोटीत उतरवून घेतले. सुपर निन्टेंडोचे ४.९१ कोटी कन्सोल आणि त्यावरील ‘सुपर मारिओ कार्ट’च्या (१९९२) ८७.६ लाख प्रती. निन्टेंडो ६४ चे ३.२९ कोटी आणि त्यावरील भागाच्या (१९९६) ९८.७ लाख, गेम बॉय अॅडव्हान्सचे ८.१५ कोटी आणि ‘सुपर सर्किट’च्या (२००१) ५९.१ लाख, गेमक्यूबचे २.१७ कोटी आणि ‘डबल डॅश’च्या (२००३) सुमारे ६९ लाख, डीएसचे १५.४ कोटी आणि त्यावरील भागाच्या (२००५) २.३६ कोटी, वीचे १०.१६ कोटी आणि ‘मारिओ कार्ट वी’च्या (२००८) ३.७४ कोटी, थ्रीडीएसचे ७.५९ कोटी आणि सातव्या भागाच्या (२०११) १.९ कोटी, वी यूचे १.३६ कोटी आणि आठव्या भागाच्या (२०१४) ८४.६ लाख. यानंतर येतो तो आठव्याचीच सुधारित आवृत्ती असलेला ‘८ डीलक्स’ (२०१७), जो स्विचच्या सुमारे १५.४ कोटी कन्सोलवर ६.९ कोटींपेक्षा अधिक खपला आहे आणि अजून खपतो आहे.

केवळ प्रतींचा स्तंभ वाचत गेले तर मालिका कधी उसळते आणि कधी कोसळते असे वाटते, आणि त्या चढउताराचा गेमच्या गुणवत्तेशी काही संबंध लागत नाही. आठवा भाग वी यूवर ८४.६ लाखांवर थांबला आणि जवळजवळ तोच गेम स्विचवर त्याच्या आठपट गेला. बदलले ते कन्सोल. म्हणून प्रतींचा थेट अंदाज बांधणे सोडून देऊन आम्ही दोन राशी वेगळ्या केल्या : कन्सोल किती विकले जातील आणि दर शंभर कन्सोलमागे या गेमच्या किती प्रती जातील. चिकोडीच्या सहकाऱ्याच्या घरी ऊस असल्यामुळे त्याला हे समजावून सांगावे लागले नाही. साखर कारखाना येत्या हंगामातील गाळपाचा अंदाज मागच्या वर्षीच्या टनांवरून बांधत नाही, तर नोंदलेले क्षेत्र किती आणि एकरी किती टन पडेल हे स्वतंत्रपणे पाहतो आणि मग गुणाकार करतो, असे तो म्हणाला.

दर शंभर कन्सोलमागे प्रती काढल्या तेव्हा क्रमाने १८, ३०, ७, ३२, १५, ३७, २५ आणि ६२ असे आकडे मिळाले. ‘८ डीलक्स’ ४५ वर आहे. यात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. हातात धरून खेळायच्या कन्सोलवर, म्हणजे गेम बॉय, डीएस आणि थ्रीडीएसवर, आकडा दूरचित्रवाणीला जोडायच्या समकालीन कन्सोलपेक्षा कमी पडतो. अशी कन्सोल एका घरात दोन-तीन असतात, शिवाय सुधारित रूप आले की जुन्याच्या जागी नवे घेतले जाते, त्यामुळे भाजक फुगतो. दुसरी गोष्ट वी यूच्या ६२ ची. ते कन्सोल बाजारात पडले आणि ज्यांनी घेतले ते बहुतांशी निन्टेंडोचे पक्के चाहते होते, त्यामुळे त्यांच्यातील मोठ्या हिश्शाने हा गेम घेतला.

२३ नोव्हेंबर २०२५

आपण २०१७ मध्ये बसलो आहोत आणि पुढचे काहीच ठाऊक नाही, असे धरून पद्धती तपासल्या. आधीच्या आठ भागांच्या विक्रीची सरासरी दीड कोटी येते. ‘८ डीलक्स’ ६.९ कोटींच्या पुढे गेला, म्हणजे ही पद्धत निरुपयोगी ठरते. दर शंभरी प्रमाणाचा मध्यक २७.५ येतो, स्विचच्या कन्सोलची संख्या अचूक ठाऊक आहे असे मानले तरी त्यातून ४.२ कोटी मिळतात. हेही कमीच. शेवटच्या तीन भागांच्या प्रमाणांची सरासरी घेतली तर ४१ आणि त्यावरून सुमारे ६.४ कोटी मिळतात, जे प्रत्यक्षाच्या बरेच जवळ आहे.

निपाणीच्या सहकारिणीला ही तिसरी पद्धत पसंत पडली होती. मॅडमनी मात्र तिला एवढेच विचारले की, ‘‘तुम्ही तीनच भाग का घेतलेत? चार का नाहीत?’’ उत्तर माहीत असताना त्याला जुळतील तेवढेच भाग निवडणे हा अंदाज नव्हे, आणि तोच नियम वी यूला लावून पाहिल्यावर ते उघड झाले : डीएस, वी आणि थ्रीडीएस यांची सरासरी २६ धरली तर आठव्या भागाच्या ३५ लाख प्रती निघतात, प्रत्यक्षात ८४.६ लाख गेल्या. नऊ बिंदूंवर बेतलेला कोणताही नियम एवढाच विश्वासार्ह असणार. भागांमधील तुलना आम्ही ठेवणार आहोत, पण तिच्यावर भार टाकणार नाही. त्याऐवजी एकाच भागाचे प्रमाण वर्षागणिक कसे हलते, हे पाहायचे ठरले आहे.

२९ नोव्हेंबर २०२५

या प्रकल्पात आतापर्यंत हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट आजच्या तक्त्यात आहे, म्हणून तो सविस्तर नोंदवतो.

‘८ डीलक्स’ २८ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे स्विचनंतर दोन महिन्यांच्या आतच आला. मार्च २०१८ अखेर स्विचचे १.७८ कोटी कन्सोल आणि गेमच्या ९२.२ लाख प्रती, म्हणजे शंभरामागे ५२. पुढे दरवर्षी मार्चअखेरचे हेच प्रमाण काढत गेलो : २०१९ मध्ये ४८, २०२० मध्ये ४४, २०२१ आणि २०२२ मध्ये ४२, २०२३ मध्ये ४३, २०२४ मध्ये ४४ आणि २०२५ मध्ये, जेव्हा १५.२१ कोटी कन्सोल आणि ६.८२ कोटी प्रती झाल्या होत्या, ४५. सुरुवातीचे ग्राहक सर्वांत उत्साही असतात आणि नंतर येणारे अधिक निवांत, तेव्हा प्रमाण सतत घसरतच जाईल अशी आमची धारणा होती. ते तीन वर्षे घसरले, मग थांबले आणि पुन्हा चढू लागले.

एकूण प्रमाणात बदल मंद दिसतो, कारण मागची सगळी बेरीज त्याला धरून ठेवते. म्हणून त्या-त्या वर्षातच विकल्या गेलेल्या प्रती त्याच वर्षी विकल्या गेलेल्या कन्सोलशी ताडून पाहिल्या, तेव्हा चित्र ठळक झाले. २०१८-१९ मध्ये शंभर नव्या कन्सोलमागे ४४ प्रती, पुढच्या वर्षी ३८, कोरोनाच्या २०२०-२१ मध्ये ३७, आणि मग ४३, ४७, ५२, ५८. सर्वांत कमी आकडा ज्या वर्षी आहे, त्या वर्षी प्रत्यक्षात या गेमच्या सर्वाधिक, १.०६ कोटी प्रती गेल्या. फक्त कन्सोल त्याहून कितीतरी वेगाने, २.८८ कोटी, विकले गेले. मार्च २०२० मध्ये ‘अॅनिमल क्रॉसिंग’चा नवा भाग आला आणि टाळेबंदीत अनेक घरांनी त्याच्यासाठी म्हणून स्विच घेतला, हे त्यामागचे एक कारण मानायला हरकत नाही.

नंतरच्या चढणीची कारणे शोधताना तीन हाती लागली. जुन्या ग्राहकांचा साठा संपत नाही; ज्याने २०१९ मध्ये कन्सोल घेतले, तो २०२३ मध्येही हा गेम घेऊ शकतो, आणि वार्षिक प्रमाणात त्याची प्रत नव्या कन्सोलच्या खात्यावर चढते. दुसरे म्हणजे, अमेरिकेत नोव्हेंबरच्या सवलतींच्या दिवसांत स्विचबरोबर हाच गेम बंडल करून, म्हणजे एकाच खोक्यात एकत्र, देण्याचा पायंडा निन्टेंडोने अनेक वर्षे पाळला. तिसरे, मार्च २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात सहा टप्प्यांत ४८ जास्तीचे ट्रॅक विकत मिळू लागले, त्यामुळे पाच वर्षांचा गेम पुन्हा चर्चेत आला.

निपाणीच्या सहकारिणीच्या मावसभावाकडे स्विच आहे आणि सुट्टीत चौघे-पाचजण त्या एकाच प्रतीवर आळीपाळीने खेळतात. तिने ही गोष्ट सहज सांगितली, पण ती आमच्या मांडणीला उपयोगी पडते : हा गेम माणसागणिक विकला जात नाही, घरागणिक विकला जातो. एका घरात दुसरे स्विच, उदाहरणार्थ २०१९ चे लाइट किंवा २०२१ चे ओलेड, आले तरी दुसरी प्रत येईलच असे नाही. त्यामुळे ४५ हा आकडा घरांच्या हिशेबाने प्रत्यक्षात बराच जास्त असला पाहिजे.

३० नोव्हेंबर २०२५

कालचा तक्ता मॅडमना दाखवला. वार्षिक प्रमाण हेच मुख्य साधन ठेवण्यास त्यांनी संमती दिली.

७ डिसेंबर २०२५

आता ‘वर्ल्ड’. जून २०२५ अखेर स्विच २ चे ५८.२ लाख कन्सोल आणि गेमच्या ५६.३ लाख प्रती, म्हणजे शंभरामागे ९७. सप्टेंबरअखेर १.०३६ कोटी कन्सोल आणि ९५.७ लाख प्रती, म्हणजे ९२. मालिकेच्या तेहतीस वर्षांत असे प्रमाण कुठेच नाही, आणि बाजारातील उत्साहाच्या बातम्या या आकड्यावरच उभ्या आहेत. आमच्या मते हा आकडा मागणीपेक्षा विक्रीची रचना अधिक सांगतो.

अमेरिकेत नुसता कन्सोल ४४९.९९ डॉलरला, नुसता गेम ७९.९९ डॉलरला आणि दोन्हींचे बंडल ४९९.९९ डॉलरला ठेवले गेले. कन्सोल घेणाऱ्याला गेम ३० डॉलर स्वस्त पडत असताना तो वेगळा घेण्याचे कारण उरत नाही. शिवाय कन्सोल बाजारात आला त्याच दिवशी त्यावर ‘मारिओ कार्ट’ असणे, हेही या मालिकेत पहिल्यांदाच घडले. मात्र हे बंडल २०२५ च्या शरद ऋतूपर्यंतच तयार होईल, असे कंपनीने आधीच सांगून ठेवले होते. ऑक्टोबरात ‘पोकेमॉन लेजेंड्स : झेड-ए’चे वेगळे बंडलही आले, त्यामुळे दिवाळीनंतर आणि नाताळात कन्सोल घेणाऱ्यांपुढे दुसरा पर्याय होता.

कालखंड वेगळा काढून पाहिला तर घसरण आधीच सुरू झालेली दिसते. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत ४५.४ लाख कन्सोल आणि ३९.४ लाख प्रती गेल्या, म्हणजे शंभरामागे ८७. एकूण ९२ चा आकडा पाहणाऱ्याला ही घसरण दिसणार नाही. बंडल पूर्ण जोरात असताना ९७ वरून ८७ वर आलेले प्रमाण बंडल संपल्यावर आणखी खाली येणार, याबद्दल आम्हा तिघांचे एकमत आहे. किती खाली, यावर आज बराच वेळ वाद झाला. स्विचवर पहिल्या वर्षी हे प्रमाण ५२ होते आणि तेव्हा नेहमीचे बंडल नव्हते; तो आम्ही तळ मानतो.

चिकोडीच्या सहकाऱ्याने एक शंका काढली : स्विच २ वर जुना ‘८ डीलक्स’ चालतो आणि तो कोट्यवधी घरांत आधीच आहे, तेव्हा लोक नवा का घेतील? हे तपासण्याजोगे होते. डीएसवर गेम बॉय अॅडव्हान्सचे गेम चालत, वीवर गेमक्यूबचे, थ्रीडीएसवर डीएसचे आणि वी यूवर वीचे. या चारही वेळी आधीचा भाग नव्या कन्सोलवर खेळता येत होता, तरी नव्या भागाचे प्रमाण १५ ते ६२ असे पसरलेले आहे आणि त्यात एका दिशेचा कल दिसत नाही. त्यामुळे या घटकाला आम्ही गणितात वेगळे स्थान दिले नाही. परंतु आधीचा भाग ६.९ कोटी प्रतींचा असण्याची परिस्थिती पूर्वी कधीच नव्हती, म्हणून वरची मर्यादा मात्र थोडी खाली ओढली आहे.

१४ डिसेंबर २०२५

अंदाज निश्चित करून कागद मॅडमच्या हाती दिला. रीत अशी.

कन्सोलसाठी आधार कंपनीच्याच अंदाजाचा. मार्च २०२६ पर्यंत दीड कोटी स्विच २ विकले जातील असे निन्टेंडोने आरंभी म्हटले होते. नोव्हेंबरात ते १.९ कोटी केले. या कंपनीची पूर्वीची सवय पाहिली : पहिल्या स्विचच्या पहिल्या पूर्ण वर्षासाठी तिने एक कोटी सांगितले, मग १.४ कोटी, मग दीड कोटी, आणि प्रत्यक्षात १.५०५ कोटी झाले. ती सुरुवातीला हात राखून बोलते आणि शेवटच्या सुधारणेनंतर जवळपास अचूक असते. मात्र नोव्हेंबरातील आकडा ही शेवटची सुधारणा असेलच असे नाही, म्हणून आम्ही १.८५ ते २.०५ कोटी धरले आणि मध्यावर कंपनीचेच १.९ कोटी ठेवले.

सप्टेंबरनंतर विकल्या जाणाऱ्या कन्सोलमागचे प्रमाण ५५ ते ८० धरले असून मध्य ६५ ठेवला आहे. निपाणीच्या सहकारिणीला ७५ हवे होते, कारण दुकानांत बंडलचा शिल्लक साठा नाताळभर पुरेल असे तिचे म्हणणे होते. परंतु साठा दुकानात पोहोचतो तेव्हाच तो कंपनीच्या आकड्यात मोजला जातो, हे खडेबाजारातील चौकशीतून आम्हाला ठाऊक होते. उत्पादन थांबण्याच्या सुमारास पाठवलेला माल ऑक्टोबर-डिसेंबरच्या तिमाहीत पडेल आणि जानेवारी-मार्चमध्ये त्याचा आधार जवळपास उरणार नाही. दोन्ही तिमाह्या एकत्र घेता ६५ योग्य वाटले.

यावरून ३१ मार्च २०२६ अखेर ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’च्या एकूण १.५२ कोटी प्रती, आणि किमान १.४ ते कमाल १.७५ कोटी, असा अंदाज निघतो. एकूण प्रमाण तेव्हा शंभरामागे ८० च्या आसपास आलेले असेल. त्यानंतरच्या वर्षांसाठी प्रतींचा आकडा आम्ही दिलेला नाही, कारण स्विच २ किती विकले जाईल हे आज सांगता येण्याजोगे नाही. फक्त एकूण प्रमाण पुढील काही वर्षांत ५० ते ६५ च्या दरम्यान स्थिरावेल, एवढे लिहून ठेवले आहे.

पडताळणीची पद्धतही त्याच कागदावर आहे. फेब्रुवारीच्या आरंभी डिसेंबरअखेरचे आकडे येतील. तेव्हा ऑक्टोबर-डिसेंबरचे प्रमाण ८० च्या वर असेल तर बंडलविषयीचे आमचे गृहीतक चुकले असे धरायचे, ५५ च्या खाली असेल तर नव्या ग्राहकांची निष्ठा आम्ही जास्त मोजली असे धरायचे, आणि प्रमाण मर्यादेत असूनही प्रतींचा आकडा बाहेर गेला तर दोष कन्सोलच्या अंदाजाला लावायचा. मे महिन्यातील वार्षिक आकड्यांनंतर अहवालाचे शेवटचे प्रकरण लिहिले जाईल. तोपर्यंत या कागदातील एकही आकडा बदलायचा नाही, असे तिघांनी सही करून मान्य केले आहे.